एकच सिंथ-सॅम्पलर घ्यायचा तर कोणता?

मंद्रसप्तक:
रीपरवर (संगीत रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर) काम करतो, विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम. पॅड, बेस, लीड (लांब पसरणारे, खालचे आणि मुख्य धून वाजवणारे आवाज) सिंथवर बनवायचेत आणि शिवाय स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज (काचेचे पेले, धातूचे पत्रे, लाकडावरचे ठोके) कीबोर्डवर पसरवून वाजवायचेत. दोन्ही कामं नीट करणारं एकच प्लगइन (रीपरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) घ्यावं, की सिंथ (आवाज स्वतः तयार करणारा) वेगळा आणि सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा) वेगळा? तयार प्रीसेट किती मिळतात याने मला फरक पडत नाही, आवाज स्वतः घडवायचाय. फुकटात भागलं तर उत्तम. पुढे पैसे घालायचेच झाले तर नेमके कशावर, तेही सांगा.

वेव्हटेबल_वारी:
वेगळे घ्या. सॅम्पल (रेकॉर्ड केलेला तुकडा) वाजवतं एवढ्यावर कुठल्याही प्लगइनला सॅम्पलर समजू नका. व्हायटल या सिंथमध्ये तीन वेव्हटेबल ऑसिलेटरांच्या (साठवलेल्या लहरींतून मूळ आवाज काढणाऱ्या भागांच्या) जोडीला सॅम्पलचा विभाग आहे, पण तिथे एका वेळी एकच फाइल बसते. सुराच्या सुरुवातीला ‘टक्’ किंवा हवेची फुसफुस मिसळायला तो झकास आहे, पण पेल्याचे वीस सूर वीस पट्ट्यांवर मांडायला निरुपयोगी. तुम्हाला हवंय मल्टिसॅम्पलिंग: कोणती फाइल कुठल्या कीपासून कुठल्या कीपर्यंत, किती व्हेलॉसिटीला (की दाबण्याच्या जोराला), आणि तीच की लागोपाठ दाबली तर पुढची फाइल कोणती.

सिंथ म्हणून व्हायटलची फुकट आवृत्तीच घ्या. इंजिन तेच असतं; पैसे भरले की प्रीसेट आणि वेव्हटेबल जास्त मिळतात, आणि ते तुम्हाला नकोच आहेत. एलएफओ (नॉब संथ लयीत हलवणारी लहर) ओढून हव्या त्या नॉबवर टाकला की मॉड्युलेशन जोडलं जातं आणि किती हलतंय ते तिथेच दिसतं. जोडीला सर्ज एक्सटी हा दुसरा सिंथ ठेवा. तो २०१८ पासून मुक्तस्रोत आहे. एका पॅचमध्ये (जतन केलेल्या आवाजात) दोन सीन (स्वतंत्र थर), प्रत्येक सीनला तीन ऑसिलेटर, त्यांत एफएमही (एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवणं) आहे आणि तारेचं मॉडेलही. सप्तकाच्या बारा समान भागांपलीकडचं ट्यूनिंग हवं असेल तर स्कालाच्या (ट्यूनिंग लिहून ठेवायच्या) फाइली तो थेट घेतो. दिसायला रुक्ष आहे, पण आवाजाचा पल्ला मोठा आहे.

सॅम्पलरचं काम एसएफझेडमध्ये सुरू करा. ती साध्या मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये लिहिता येते. प्रत्येक सॅम्पलला एक रीजन, त्यात फाइलचं नाव, खालची की, वरची की आणि मूळ की. वाजवायला प्लोग कंपनीचा स्फोर्झांडो हा सॅम्पलर फुकट मिळतो. रीपरमधला रीसॅम्पलोमॅटिक५००० हा सॅम्पलर सुट्या ठोक्यांना पुरतो, पण पट्ट्या वाढल्या की एकाच वाद्यासाठी इन्स्टन्सची (त्याच प्लगइनच्या प्रतींची) रांग लागते.

स्वरांतर:
थोडी असहमती. नुसतं मांडून वाजवायचं असेल तर वरचा सल्ला योग्य. पण पत्र्याचा आवाज ग्रॅन्युलरमधून (बारीक कण करून) काढायचा, त्यावर वेव्हटेबल चढवायचं आणि दोन्हींना एकच एन्व्हलप (आवाज चढण्या-विरण्याची रेषा) लावायचा, हे दोन प्लगइनमध्ये कटकटीचं होतं. आवाज घडवायचाय म्हणताय, तर पैसे इथे घाला. सीरम २ (२०२५) या सिंथमध्ये वेव्हटेबलखेरीज सॅम्पल, मल्टिसॅम्पल, ग्रॅन्युलर आणि स्पेक्ट्रल (आवाज वारंवारतांत फोडून घडवणारा) ऑसिलेटर आहेत, आणि त्याचा मल्टिसॅम्पल एसएफझेड वाचतो. म्हणजे आज नोटपॅडमध्ये केलेली मेहनत वाया जात नाही. यूव्हीआय कंपनीचं फाल्कन हे प्लगइन त्याहून खोल आहे. मॅपिंग आतच करता येतं आणि लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रिप्टही लिहिता येते. शिकायला मात्र वेळ काढावा लागतो.

कॉन्टॅक्ट या सॅम्पलरबद्दल एक सावधगिरी. फुकट मिळतो तो प्लेअर. प्लेअरसाठी परवाना नसलेली लायब्ररी (तयार सॅम्पलचा संच) त्यात १५ मिनिटं डेमो म्हणून चालते आणि थांबते. स्वतःचं वाद्य बांधायला पूर्ण आवृत्तीच लागते.

मंद्रसप्तक:
दोघांचेही आभार. व्हायटल आणि स्फोर्झांडोवर सुरू करतो. दोन अडचणी आहेत. पॅडवर युनिझन (एकाच सुराच्या किंचित बेसूर प्रती एकत्र वाजवणं) वाढवला की कडकड येते, तीही ट्रॅक रेकॉर्डला लावलेला असतानाच. आणि पेल्याच्या कडेवर बोट फिरवून काढलेला लांब सूर लूप केला की दर फेरीला टक् वाजतं. शिवाय रेकॉर्डिंग किती करावं?

वेव्हटेबल_वारी:
कडकड आधी. तीन ऑसिलेटर, प्रत्येकी १६ युनिझन, आठ सूर: ३८४ आवाज एकदम. सूर विरण्याची शेपटी लांब असेल तर सोडलेले सूरही त्यात मोजले जातात. युनिझन ५ ते ७ वर आणा, डीट्यून (प्रतींमधलं सुराचं अंतर) किंचित वाढवा, पॉलिफनीला (एका वेळी वाजणाऱ्या सुरांना) मर्यादा घाला. ओव्हरसॅम्पलिंग (आवाज जास्त बारकाईने मोजणं) वाजवताना कमी ठेवा, रेंडरच्या (अंतिम फाइल काढण्याच्या) वेळी चढवा. रेकॉर्डला लावल्यावरच का, तर एरवी रीपर ट्रॅकवरचे इफेक्ट आगाऊ मोजून ठेवतो. लाइव्ह इनपुट ऐकत असलेल्या ट्रॅकला ती सवलत नसते, सगळं बफरच्या (एका खेपेला मोजायच्या आवाजाच्या तुकड्याच्या) वेळेत उरकावं लागतं. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे लहरीचं एक मोजमाप) बफर म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. वाजवताना २५६ करून पाहा, मिक्सला ५१२ किंवा १०२४. वाजवून झालेला ट्रॅक फ्रीझ करा (ऑडिओत बदलून ठेवा).

लूपची सुरुवात आणि शेवट एकाच पातळीवर नसले की टक् येतं. दोन्ही टोकं शून्यछेदावर (लहर शून्य ओलांडते तिथे) घ्या आणि ऑडिओ एडिटरमध्ये क्रॉसफेड (एक टोक विरताना दुसरं चढवणं) देऊन फाइल पुन्हा सेव्ह करा. पेल्याचा सूर बराचसा स्थिर असतो, म्हणून लिनियर (सरळ रेषेतला) क्रॉसफेड घ्या. फेज जुळणाऱ्या (लहरी एकाच तालात असलेल्या) आवाजाला इक्वल पॉवर (मधे दोन्ही टोकं जास्त मोठी ठेवणारा) क्रॉसफेड लावला तर जोडावर फुगवटा ऐकू येतो. लूप किमान एक-दोन सेकंदांचा असू द्या, फार आखूड असला की थरथर जाणवते. ठोक्याने वाजणाऱ्या पेल्याला मात्र लूप लावू नका, पूर्ण विरेपर्यंत ठेवा.

स्वरांतर:
रेकॉर्डिंगचा हिशोब मांडतो. दर तीन सेमिटोनला (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमिटोन) एक सूर घेतला की कोणतीही फाइल एका सेमिटोनपेक्षा जास्त ओढावी लागत नाही. पाच सप्तकं म्हणजे २० सूर, तीन व्हेलॉसिटी आणि दोन राउंड रॉबिन (तीच की लागोपाठ दाबल्यावर आलटून-पालटून वाजणाऱ्या फाइली) धरून १२० फाइली. प्रत्येकी सहा सेकंद, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ म्हणजे सुमारे २०७ एमबी. तुमच्या १६ जीबीला त्याचा भार नाही. पेल्यांतून पाच सप्तकं निघणार नाहीत, तेव्हा जेवढी निघतील तेवढीच घ्या. टोकाचे सूर ओढून ताणले तर काच प्लॅस्टिकसारखी वाजते.

फाइलींच्या नावात सुराचं नाव न लिहिता मिडी क्रमांक (प्रत्येक कीचा ठरलेला आकडा) लिहा. ६० क्रमांकाच्या सुराला काही सॉफ्टवेअर सी३ म्हणतात, काही सी४, आणि त्या गोंधळात अख्खं वाद्य सप्तकभर खाली-वर बसतं. फाइलीच्या सुरुवातीची शांतता कापा. २० मिलिसेकंद राहिली तरी वाद्य मागे पडल्यासारखं वाटतं. आणि फाइली एकेक करून नॉर्मलाइझ करू नका (कमाल पातळीपर्यंत उचलू नका). हळू ठोका आणि जोरकस ठोका सारखेच मोठे होतील आणि व्हेलॉसिटीचे थर बांधण्याचा उपयोग संपेल. उचलायचं तर सगळ्यांना मिळून सारखेच डेसिबल.