साकळणे, साखळणे की गोठणे?

जीवरसायनाच्या एका लेखाचं मराठी करतोय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडलीये. ‘रक्त गोठतं’ लिहिलं की थंडीने गोठल्यासारखं वाटतं, मराठी विश्वकोशातलं ‘रक्तक्लथन’ घेतलं तर वाचणारा तिथेच पान उलटेल. साकळणे चालेल का? आणि काहीजण ‘साखळणे’ लिहितात ते चूक ना?

—

साकळणेच घ्या, बिनधास्त. गोठणं, थिजणं हे गारठ्याचे शब्द, पाणी गोठतं, मेण थिजतं, ऊब दिली की दोन्ही परत पातळ. गुठळी कितीही शेका, परत रक्त होत नाही, कारण तिथे रेणूच बदललेला असतो. आणि भीतीने रक्त गोठतं तेव्हा गुठळी कुठे होते :) प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, फायब्रिनोजेन हा प्रथिनाचा रेणू विरघळलेलाच असतो, लिटरमागे साधारण 2 ते 4 ग्रॅम, तो आपापला फिरत असतो, एकमेकांना चिकटत नाही. मग थ्रॉम्बिन हे एन्झाइम येतं आणि त्याच्या मधल्या भागातले फायब्रिनोपेप्टाइडचे बारके तुकडे कापतं, 340 किलोडाल्टन वजनाच्या धुडातून जातं ते जेमतेम दोन टक्के, पण तेवढ्याने झाकलेल्या गुंड्या उघड्या पडतात. काजं टोकांना आधीपासून असतातच. एकाची गुंडी दुसऱ्याच्या काजात, प्रत्येक रेणू शेजारच्याच्या अर्ध्यावर सरकून, वीटकामासारखा, असा धागा वाढत जातो. हाच फायब्रिन.

—

मग ‘साखळणे’वाल्यांना का हसायचं? कोशात साकळणे आहे हे मान्य, पण रेणूंची साखळी होते म्हणून साखळणे, हा अर्थ चुकून का होईना इथे चपखल बसलाय. व्युत्पत्ती म्हणून मात्र सांगू नका कुणाला.

—

साकळणे फायनल. आता पुढची अडचण. नुसत्या गुंड्या लावलेला फायब्रिन कच्चा असतो, युरियाच्या दाट द्रावणात विरघळतो. मग तेरावा फॅक्टर (रक्त साकळवणाऱ्या घटकांपैकी एक) कॅल्शियमच्या मदतीने एका रेणूचं ग्लुटामाइन दुसऱ्याच्या लायसिनला (ही दोन्ही अमिनो आम्लं) कायमचं जोडतो. या क्रॉसलिंकिंगला ‘टाके घालणे’ लिहिलंय.

—

टाके नको, टाके उसवतात. ‘सांधणे’ बघा. प्लाझ्मिन हे गुठळी विरघळवणारं एन्झाइम नंतर फायब्रिनची सगळी जाळी कातरतं तरी हा सांधा तसाच राहतो, रक्ततपासणीच्या रिपोर्टमधला डी-डायमर म्हणजे तोच सांधलेला जोडतुकडा. आणि गुठळीच्या जागी खपली लिहू नका हं, खपली जखमेवर वाळून धरते, शिरेच्या आत कसली खपली.