मदत हवी आहे : सांदवाडीवर वरून बंद जाळीघर करायचं आहे. वानरं, ऊन आणि काळी माती, तिन्हीला पुरेल असं काय?

बरबटी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोर अभयारण्याच्या बाजूचं. घरामागे वीस बाय तीस फुटांची सांदवाडी, म्हणजे परसबाग आहे. विहिरीचं पाणी आहे, शेणखत घरचं आहे, सासूबाईंचा हात मातीत चांगला चालतो. वांगी, टमाटर, सांबार (कोथिंबीर), पालक, बरबटी (चवळी), दोडका, उन्हाळ्यात ढेमसं, असं सगळं लावतो. घरात मात्र त्यातलं फार थोडं येतं.

रोही (नीलगायी) आणि डुकरं वावरात धिंगाणा घालतात, पण ती घरापर्यंत क्वचित येतात. इथला त्रास काळतोंड्या वानरांचा. सकाळची कामं आटोपून बायामाणसं वावरात निघाली की कळप छपराच्या कवेलूंवरून उतरतो. वांगं खाल्लं तर एक वेळ समजू. पण तोडायचं, दोन घास घ्यायचे, फेकायचं आणि दुसरं तोडायचं, हा प्रकार. बरबटीची शेंग सोलून दाणे खातात नि वेलाचे शेंडेही खुडून नेतात, म्हणजे पुढची शेंगही गेली. फुटलेल्या कवेलूंचा खर्च वेगळा.

बोरीच्या काट्यांचं कुंपण आहे, त्याने बकऱ्या थांबतात. चकाकत्या पट्ट्या, जुन्या साड्या, बुजगावणं, फटाके, सगळं झालं. वानरं आठवडाभर बिचकतात, मग त्याच पट्ट्या ओढून खेळतात. कुत्रा खालून भुंकतो, ती आंब्यावर बसून त्याच्याकडे पाहतात. मागच्या उन्हाळ्यात बांबू रोवून वरून हिरवी नेट ताणली होती. एका हुप्प्याने कवेलूवरून उडी घेतली ती सरळ टमाटरात.

म्हणून आता पक्कं काहीतरी करायचं आहे. पुतण्या म्हणतो पॉलिहाऊस करा, त्याने मोबाइलवर पाहिलंय. यजमान म्हणतात लोखंडी पिंजरा करू. सासूबाईंचं म्हणणं, दरवर्षी बांबूच बदला, एवढा पैसा कशाला. माझं बजेट चाळीस हजारांच्या आसपास, ओढूनताणून पन्नास.

मला विचारायचंय ते असं. वरच्या जाळीवर आठ-दहा वानरं एकदम चढली तर ती पेलेल, असं छत किती जाडीचं लागतं? आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगांत हात जातो, पावसाळ्यात कुंपणाचे खांब तिरपे होतात. खांब किती खोल घ्यायचे? मे महिन्यात ४५-४६ अंशांत आत झाडं जगतील का, की भाजी वाचवायला म्हणून उकडून काढू? आणि सगळं बंद केलं तर मधमाश्या कुठून येणार? दोडक्याला त्या लागतात ना?

शहरातल्या एका विक्रेत्याने "प्लास्टिकची जाळी, वीस वर्षं काही होत नाही" असं सांगितलं. नखाने ओढून पाहिली तर धागा तुटला. ज्यांनी आपल्या भागात स्वतः बांधलंय त्यांनी कृपया लिहा.

---

धुरेकरी

ताई, पॉलिहाऊस डोक्यातून काढा. ते थंड मुलखातलं काम, आत ऊब धरून ठेवायला केलेलं. नागपूर-वर्ध्याकडे थंडीत पारा दहा-बारावर उतरतो, तेवढ्यात वांग्याला काही होत नाही. आपल्याला ऊब घालवायची आहे. मे महिन्यात बंद प्लास्टिकखाली दुपारी आपण उभे राहू शकत नाही, रोप काय राहील! आणि वानराच्या नखापुढे प्लास्टिक टिकतं किती?

तुमचे यजमान बरोबर आहेत. पिंजराच करा, उन्हाळ्यापुरती शेडनेट लावा. पण नेट जाळीच्या आतून बांधायची. वरून टाकली की वानरं फाडतात, आतून असली की सहजी फाडता येत नाही. पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी पुरे. मार्चमध्ये बांधा, पावसाळा लागला की सोडा, नाहीतर सावलीत टमाटर नुसतं वाढतं नि फळ धरत नाही. तसंही मे महिन्यात टमाटराकडून फार अपेक्षा ठेवू नका, एवढ्या उन्हात फूलच गळतं. तेव्हा ढेमसं, भेंडी, गवार.

---

वखर

एवढ्या भानगडीत कशाला पडता. तारेत थोडा करंट सोडा रात्री, म्या त म्हणतो एका हप्त्यात सगळे सरळ होतात.

---

धुरेकरी

@वखर, वानरं दिवसा येतात, रात्री नाही, हे एक. दुसरं, घरची लाइन तारेत सोडणं म्हणजे माणूस मारायची सोय करणं. आपल्याच भागात अशा तारांना चिकटून शेतकरी गेलेत, वाघही गेलेत, आणि मागे राहिलेल्यांवर गुन्हे दाखल झालेत. झटका मशीन वेगळं. ते बॅटरीवर चालतं, क्षणभराचा झटका देऊन थांबतं. ते वावराच्या धुऱ्यावर रोह्या-डुकरांसाठी ठीक. सांदवाडीत पोरंबाळं फिरतात, तिथे नकोच.

---

गेज बारा

मी फॅब्रिकेशनचं काम करतो, हिंगणघाटकडे. मापाचं सांगतो.

छताला चेनलिंक (विणलेली जाळी) घेऊ नका, ती झोळीसारखी लोंबते. वेल्डमेश (आडव्या-उभ्या तारा वेल्ड केलेली जाळी) घ्या, दोन इंच बाय दोन इंच, बारा गेज, गॅल्व्हनाइज्ड. चौरस मीटरला साधारण पावणेदोन किलो भरते. तुमचं छत सहाशे चौरस फूट, आठ फूट उंचीच्या भिंती धरल्या तर आणखी आठशे. मिळून १३० चौरस मीटर, म्हणजे सव्वादोनशे किलो धरा. आज तुमच्याकडे किलोचा काय भाव आहे तो विचारा, हिशेब तिथल्या तिथे होतो. फुटावर भाव सांगणाऱ्याकडून घेताना एक तुकडा काट्यावर ठेवून पाहा, बाराच्या नावाखाली चौदा गेज देतात (गेजचा आकडा वाढला की तार बारीक).

मोठा हुप्प्या पंधरा-अठरा किलोचा असतो, पण उडी घेतो तेव्हा जोर त्याच्या कितीतरी पट. जाळी तुटत नाही, वाकतो तो खालचा पाइप. म्हणून दर दहा फुटांवर खांब आणि छतात आडवे पाइप पाच-पाच फुटांवर. वीस बाय तीसला बारा खांब लागतात, दोन मधे येतील. त्यांनाच दोडक्याचा मांडव बांधा.

काळ्या मातीचं म्हणाल तर वरचा थर फुगतो नि आक्रसतो, खांब तोच हलवतो. खड्डा अडीच-तीन फूट घ्या, मुरूम लागला तर उत्तमच. खाली खड्डा वरच्यापेक्षा रुंद करा, गिट्टी-सिमेंट भरा. चारही कोपऱ्यांना तिरपे टेके द्या, मे-जूनच्या वादळात तेच कामाला येतात. जाळी पाइपला वेल्ड करू नका. वेल्डजवळचं जस्त जळतं आणि दोन पावसाळ्यांत तिथेच गंज धरतो. बाइंडिंग तारेने आवळा किंवा क्लॅम्प लावा.

---

मोहफूल

माझी बाग ब्रह्मपुरीकडची, अशीच बंद. धुरेकरी आणि गेज बारा यांच्याशी सहमत, थोडी भर घालते.

दोन इंचांच्या जाळीतून वानराचा हात कोपरापर्यंत आत येतो. भिंतीपासून दीड-दोन फूट काही लावू नका, ती पायवाट ठेवा. जाळीवर वेल चढवला तर बाहेर लोंबणारी शेंग त्यांची, हे धरून चला. खालचे दोन फूट बारीक छिद्राची जाळी जोडा, नाहीतर उंदीर आरामात येतात. आणि ती एक फूट जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवा, वर दगड ठेवा. आमच्याकडे साळींदर येतं, ते उकरतंच.

मधमाश्यांची काळजी नको. दोन इंचांतून त्या खुशाल ये-जा करतात. मात्र उन्हाळ्यात नेट चहूबाजूंनी लावली की अडचण येते, म्हणून मी फक्त छताला आणि पश्चिमेला लावते. तरी दोडका, लवकी (दुधी), काकडीला फळ धरत नसेल तर नरफूल तोडून मादीफुलावर फिरवा. मादीफुलाच्या मागे बोटभर फळ आधीच दिसतं. काकडीचं सकाळी उरका, दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, ते तेव्हाच. वांगं-टमाटराला एवढं लागत नाही, मांडवाची तार हलवली तरी भागतं.

पुतण्याची हौस असेल तर एका कोपऱ्यात आठ बाय दहावर जाळीच्या आतून यूव्ही प्लास्टिक बांधू द्या, बाजू उघड्या. जुलैच्या झडीत सांबार सडतो, तो तिथे वाचतो, रोपंही करता येतात.

---

बरबटी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री घरात वाचून दाखवलं. पुतण्या आठ बाय दहावर राजी झाला, सासूबाई "अठरा किलोचा हुप्प्या" ऐकून बांबूचा हट्ट सोडायला तयार आहेत असं दिसतं.

@गेज बारा, पाइप आणि जाळी मिळून बजेट ओलांडतंय. यंदा वीस बाय वीसच केलं आणि उरलेला दहा फुटांचा टप्पा पुढच्या वर्षी जोडला तर चालेल का? जोडायच्या बाजूचे खांब आत्ताच जाड घ्यावे लागतील का? आणि अनुदानाचं कुणाला माहीत आहे का? शेडनेटचं मी पाहिलं, पण ते विक्रीच्या शेतीच्या मापाचं दिसतं.

---

गेज बारा

चालेल. खांब सारखेच ठेवा, जोडायच्या बाजूच्या पाइपला आत्ताच क्लॅम्पची भोकं पाडून घ्या. त्या बाजूची जाळी तारेनेच बांधा, पुढच्या वर्षी सोडून तीच पुढे सरकवायची, वाया काही जात नाही. दार मात्र लाकडी नको, अँगलचं करा, आणि कडी बाहेरून दोन ठिकाणी. साधी सरकणारी कडी वानरं आठवड्यात शिकतात.

---

धुरेकरी

अनुदान परसबागेला मिळेल असं धरून चालू नका. पण तुमचं गाव बोरच्या बफरमध्ये (राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात) येत असेल तर जन-वन विकास योजनेचं ग्रामपंचायतीत विचारा, त्यात वावरासाठी सौर कुंपण आहे. आणि वावरात रोह्यांनी नुकसान केलं तर थांबू नका, लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. उशीर झाला की अर्ज तिथेच अडतो.

---

बरबटी

उद्याच ग्रामपंचायतीत जाते. भोकांचं वेल्डिंगवाल्याला सांगितलं, तो म्हणाला पोळा झाल्यावर येतो. तेव्हा जमीन ओली असेल, खड्डे घ्यायला बरं की वाईट?

---

गेज बारा

खणायला बरं, भरायला वाईट. खड्ड्यात पाणी साचलं तर उपसून, तळ कोरडा करूनच काँक्रीट टाका. दसऱ्यापर्यंत थांबता आलं तर थांबा.