टायटर चांगला असूनही आयबी का येतो?

प्रश्न: लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) पिल्लांना आयबीची (इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस, कोंबड्यांचा विषाणूजन्य श्वसनरोग) फक्त किल्ड (मारलेल्या विषाणूची) लस दिली. एलायझा टायटर (रक्तचाचणीत मोजलेली अँटिबॉडीची पातळी) उत्तम, तरी घरघर सुरूच. अँटिबॉडी असून संरक्षण का नाही?

उत्तर १: टायटर रक्तातला मोजलात, विषाणू मात्र श्वासनलिकेच्या अस्तरात वाढतो. अँटिबॉडी पेशीबाहेरचा विषाणू अडवते. आत शिरलेल्याचा कारखाना बंद पाडतात सीडी८ टी-पेशी (संक्रमित पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी). संक्रमित पेशी एमएचसी-१ या पृष्ठभागावरच्या प्रथिनावर विषाणूचे तुकडे दाखवते, टी-पेशी ते ओळखून परफोरिन व ग्रँझाइम या प्रथिनांनी तिला मारते. स्मृती सीडी८ पेशी टोचलेली पिल्लं आयबीपासून वाचल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. किल्ड लस पेशीत वाढत नाही, त्यामुळे या पेशी फारशा जागवत नाही. आधी लाइव्ह (जिवंत, कमकुवत विषाणूच्या) लसीने प्राइमिंग म्हणजे पहिली तयारी, मग किल्ड बूस्टर, हाच क्रम.

उत्तर २: लाइव्ह लस डोळ्यात द्या, थेंब आत ओढला जाईपर्यंत पिल्लू सोडू नका. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतल्या प्लाझ्मा पेशी स्थानिक आयजीए (अस्तरावर काम करणारी अँटिबॉडी) बनवतात. पाण्यातून देणार असाल तर क्लोरीन बंद, लिटरला २.५ ग्रॅम स्किम मिल्क पावडर, आणि दोन तासांत पाणी संपलं पाहिजे. (सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.)

उत्तर ३: स्ट्रेनही (विषाणूचा उपप्रकार) तपासा. मॅसॅच्युसेट्स स्ट्रेनची लस सगळ्या व्हेरिएंटना पुरत नाही. गंबोरो (कोंबड्यांचा दुसरा विषाणूजन्य रोग) लवकर येऊन गेला असेल तर बर्सा या रोगप्रतिकारक अवयवातल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीच नष्ट होतात. अमोनिया २५ पीपीएमवर गेला की सिलिया (श्वासनलिकेतले सूक्ष्म केस) निकामी, मग ई. कोलाय जिवाणू आलाच.