मदत हवी आहे : खानापूर भागातल्या बंद खाणी आणि भुयारं

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला जुन्या बंद खाणींच्या जागा पाहायच्या आहेत. त्याच टापूत एक भुयार थेट भीमगडावर निघतं, असं म्हातारी माणसं सांगतात. जांभ्या दगडात पाण्यानं पोकळ्या होतात, त्यामुळे गुहा असेलही. पण किल्ल्यापर्यंत जाणारी वाट असेल, हे मला पटत नाही.

तिकडच्या कुणाला जागा ठाऊक असेल तर सांगा. तोंड किती रुंद आहे, आत पाणी साचतं का, माथ्यावरचा दगड सुटलाय का, एवढं कळलं तरी पुष्कळ. खाणपट्ट्यांचे जुने नकाशे खाण व भूविज्ञान खात्यात बघायला मिळतात का? अर्ज कन्नडमध्येच द्यावा लागतो का?

भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, म्हणून वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकणार नाही. कोणत्या रेंज ऑफिसात जायचं, तेही सांगा. याच जंगलातल्या बारापेडे गुहेतल्या रॉटनच्या वटवाघळाची शास्त्रीय नोंद 1913 सालची; जगात ते फार थोड्या ठिकाणी सापडतं. आत वटवाघळं दिसली तर आम्ही तोंडावरूनच मागे फिरू. विजेरीचा झोत आणि माणसांचा गलका त्यांना सोसत नाही.

बंद बोगद्यातल्या कोंदट हवेची मला खरी धास्ती आहे. ऑक्सिजन कमी असला तर माणसाला कळायच्या आत भोवळ येते. बेळगावात गॅस मोजायचं यंत्र भाड्यानं कुठे मिळेल? वापरलेलं कुणाकडे असेल तर कृपया कळवा. जागेचा नेमका पत्ता मात्र इथे उघड लिहू नका, मला मेसेज करा.