'अभिमानी', 'चाहता' की 'पाठीराखा'? आणि खेळाडू त्यांचं 'देणं लागतो' का?

पार्क_चौपाटी
शाळांच्या सात-सात जणांच्या फुटबॉल स्पर्धेचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. खेळाडूंसाठीच्या सूचनांमध्ये हे वाक्य आहे: 'सामना संपल्यावर खेळाडूंनी अभिमानींना थोडा वेळ द्यावा, त्यांच्याशी सौजन्याने वागावे, आपण त्यांचे देणे लागतो.' मुद्रितशोधकाने दोन ठिकाणी लाल केलं. एक, 'अभिमानी' म्हणजे गर्विष्ठ, फॅन नव्हे. दोन, 'देणे लागतो' हे पैशाच्या व्यवहाराचं बोलणं, इथे नको. पहिलं पटत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात कुणालाही विचारा, 'मेस्सीचा अभिमानी' म्हटलं की लगेच कळतं. दुसऱ्याबद्दल जाणकारांनी सांगावं. पत्रक मोठ्या मुलांच्या सामन्यांसाठीही तेच वापरायचं आहे, तिथे बाहेरून नावाजलेले खेळाडू येतात.

शुद्धलेखन_पेठ
मुद्रितशोधक बरोबर आहे. 'अभिमानी' या अर्थाने तेलुगू आणि कन्नड. तिकडे फॅनला सर्रास अभिमानी म्हणतात आणि सोलापुरात तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात म्हणून तो मराठीत घुसलाय. मराठीत 'तो फार अभिमानी आहे' ही तक्रार असते, कौतुक नव्हे. आणि वापरायचाच असेल तर 'अभिमानींना' नको. विद्यार्थी-विद्यार्थ्यांना, तसं अभिमानी-अभिमान्यांना.

विजापूर_वेस
काय सांगालाव वो! देशाभिमानी, भाषाभिमानी, धर्माभिमानी हे शब्द काय हैदराबादहून आले? शब्द आपलाच, फक्त मराठीने तो समासात कोंडून ठेवला आणि तेलुगू-कन्नडने मोकळा सोडला. वेदान्तात 'अभिमानी देवता' असते, म्हणजे एखाद्या वस्तूशी 'हे मीच' असं नातं मानणारी. फॅनची याहून नेमकी व्याख्या होणार नाही. संघ हरला की तो 'ते हरले' म्हणत नाही, 'आपण हरलो' म्हणतो. चाहता नुसता चाहतो, लांबून. अभिमानी स्वतःला त्यात धरतो.

शुद्धलेखन_पेठ
उपपत्ती गोड आहे. पण पत्रक नवव्या इयत्तेतला पोरगा वाचणार, वेदान्ती नाही.

जाणता_नेणता
'चाहता' हिंदीतून आला असं कुणी म्हणायच्या आत सांगून ठेवतो, घडण पक्की मराठी आहे. जाणता, नेणता, चाहता. क्रियेवरून थेट माणूस.
मला स्वतःला 'पाठीराखा' जास्त आवडतो. भाऊ बहिणीचा पाठीराखा असतो, म्हणजे संकटात मागे उभा राहणारा. संघ खालच्या श्रेणीत घसरला तरी मैदानात येणारा तो पाठीराखा. जिंकल्यावर जर्सी विकत घेणारा तो चाहता. पण यात एक गोची आहे. पाठीराखा संरक्षण देतो, घेत नाही. मग त्याचं 'देणं' कसलं लागायचं?

कडक_भाकरी
'पंखा' म्हणा आणि सोडून द्या. आंतरजालावरची निम्मी मराठी 'मी तुमचा पंखा झालो' म्हणतेच.

हिशेबनीस
दुसऱ्या लाल खुणेकडे कुणी बघतच नाहीये, खरा मुद्दा तिथे आहे. 'देणे लागणे' पैशापुरतं नाही, 'आपण समाजाचं काही देणं लागतो' हे वाक्य प्रत्येक सत्कार समारंभात ऐकू येतं. पण त्यात हिशेब गृहीत आहेच. कोण कुणाचं, किती, कशापोटी? फुटबॉलपुरतं याचं लेखी उत्तर आहे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या ठरलेल्या नमुन्याच्या करारात खेळाडूने प्रसिद्धी, जनसंपर्क आणि समाजकार्यासाठी आठवड्याला जास्तीत जास्त सहा तास उपलब्ध राहायचं असं कलम आहे. त्यातला साधारण अर्धा वेळ क्लबच्या समाजकार्याला आणि जनसंपर्काला. क्लबने आधी पुरेशी सूचना द्यायची. त्या वेळी काढलेला फोटो, खेळाडू अमुक मालाची जाहिरात करतोय असं भासवायला वापरता येत नाही.

म्हणजे देणं आहे, पण ते क्लबचं. दवाखान्यातल्या मुलांना भेटणं, शाळेत जाणं, प्रायोजकाच्या कार्यक्रमात हात मिळवणं, सगळं या सहा तासांत. मैदानाच्या फाटकाबाहेर दोन तास थांबलेल्या माणसाच्या नावाने करारात एक मिनिटही नाही. म्हणून 'आपण चाहत्यांचे देणे लागतो' हे व्याकरणाने शुद्ध आणि वस्तुस्थितीने चूक.

विजापूर_वेस
करार म्हणजे सगळं नव्हे. तिकीट कोण काढतं? त्याच पैशातून पगार होतो ना.

हिशेबनीस
तिकिटाने काय विकत घेतलं, एवढंच विचारायचं. ४ फेब्रुवारी २०२४, हाँगकाँग. मेस्सीच्या इंटर मायामी क्लबचा मैत्रीपूर्ण सामना, ३८ हजारांवर लोक, मेस्सी दुखापतीमुळे पूर्ण वेळ बाकावर. लोक पैसे परत मागत ओरडू लागले. तिकीट काढताना त्यांच्या मनात 'मेस्सी खेळणार' होतं, प्रत्यक्षात मैदानात उतरला तो संघ. शेवटी आयोजकांनी निम्मे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. तीन दिवसांनी टोकियोत तो अर्धा तास खेळला आणि हाँगकाँगचा राग दुप्पट झाला. दुखापत खोटी होती असं यावरून ठरत नाही, स्नायू तीन दिवसांत सैल होऊ शकतो. पण पैसे परत दिले ते आयोजकांनी, मेस्सीने नव्हे, हे लक्षात घ्या.

कोलकात्यातही तेच. १३ डिसेंबर २०२५ ला सॉल्ट लेक मैदानावर मेस्सी जेमतेम वीसेक मिनिटं होता आणि भोवती पुढारी-पाहुण्यांचं कडं. हजारो रुपये मोजलेल्यांना दिसला नाही. बाटल्या आणि खुर्च्या मैदानात आल्या, अटक झाली ती मुख्य आयोजकाला. देणेकरी कोण, ते पोलिसांनी ठरवलं.

जाणता_नेणता
'देणेकरी' जपून. कर्ज घेतलेला तो देणेकरी, आणि 'देणेकऱ्यांनी तगादा लावला' म्हणताना ज्याचे पैसे द्यायचे तोही देणेकरी. लोक दोन्ही अर्थांनी बिनधास्त वापरतात.

हिशेबनीस
लोक चुकतात. तगादा लावतो तो घेणेकरी किंवा सावकार.

जाणता_नेणता
दाते-कर्वे शब्दकोश उघडून बघा आणि मग बोला.

शिट्टीवाला
शब्दांत रमलात ते ठीक, पण सूचनेत 'सामना संपल्यावर वेळ द्यावा' लिहिताना सामना संपल्यावर खेळाडूचं काय होतं ते तरी बघा. मोठ्या स्पर्धांत उत्तेजक चाचणीला ज्याचं नाव निघतं, त्याच्यामागे लगेच एक माणूस लागतो आणि नमुना देईपर्यंत नजरेआड होऊ देत नाही. लघवी किमान ९० मिली लागते. घामाने आटलेल्या माणसाला ती येत नाही, कमी भरली तर तो नमुना तात्पुरता सील करून पुन्हा वाट बघायची. घाईने लिटर-दोन लिटर पाणी ढोसलं तर नमुना पातळ होतो आणि परत द्यावा लागतो. यात तासभर सहज जातो, कधी दोन. बस इंजिन चालू ठेवून उभी, आणि बाहेर लोक म्हणतात, 'माजलाय, बाहेरच येत नाही.'

बाकीच्यांना हळू धावणं, ताण देणं, बर्फाच्या पाण्यात बसणं, खाणं असतं, शिवाय पत्रकारांच्या मार्गिकेतून जावं लागतं. म्हणून 'सामना संपल्यावर' ऐवजी 'मैदान सोडण्यापूर्वी' लिहा. दहा मिनिटं, तेही शिट्टी झाल्यावर लगेच, अंग गरम असताना.

तुमच्या स्पर्धेत ते करायचं कसं तेही सांगतो. रांग खेळाडूकडे आणू नका. रांग पुढे सरकते, मागचे ढकलतात आणि पुढची लहान पोरं जाळीवर चिरडतात. दोरी लावा, लोक दोरीमागे एका ओळीत उभे, आणि खेळाडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाईल. एक स्वयंसेवक त्याच्या पुढे दोन पावलं, 'टोपण काढून ठेवा, पान उघडून ठेवा' म्हणत. सहीला पाच सेकंद धरले तर १२० पोरांचं काम दहा मिनिटांत होतं. सेल्फीला पंधरा सेकंद लागतात, मग तीच दहा मिनिटं ४० जणांना पुरतात आणि उरलेली ८० पोरं तोंड पाडून घरी. म्हणून सही द्या, सेल्फी नको. शेवटी सगळ्यांचा मिळून एक फोटो.

टेरी_टॉवेल
सही कशावर घेणार हेही पत्रकात घाला, कारण इथे सगळे जर्सीवरच मागणार आणि ती हमखास बिघडणार. जर्सीचं कापड पॉलिस्टर, शाई ओढून घेत नाही, धाग्याच्या कडेने पसरते. आत पुठ्ठा घालून कापड ताणून धरा. पुठ्ठा नसेल तर पुढची सही पाठीवर उमटते. गडद रंगावर काळा मार्कर दिसत नाही, तिथे चंदेरी. पाठीवरच्या आकड्यावर सही घेऊ नका. तो व्हायनलचा असेल तर साध्या मार्करची शाई वरच्या वर बसते आणि घामाच्या हाताने पुसली जाते. तिथे तेलाच्या रंगाचा पेंट मार्कर चालतो, तोही आधी चिंधीवर दाबून रंग उतरवून घ्यायचा, नाहीतर पहिल्याच अक्षराला थेंब पडतो. सही झाली की दिवसभर सपाट पसरून ठेवा, घडी घालू नका. त्यावर थेट इस्त्री नको. धुवायची तर नाहीच.
(आपल्या शहरात गणवेशांचे एवढे कारखाने आहेत, सहीसाठी छातीवर पांढऱ्या सुती कापडाचा एक तुकडा शिवून द्यायचं अजून कुणाला कसं सुचलं नाही?)

शुद्धलेखन_पेठ
'सही' नव्हे, 'स्वाक्षरी'.

कडक_भाकरी
पाच सेकंदांत सहीच होते. स्वाक्षरीला सेल्फीएवढा वेळ लागेल.

विजापूर_वेस
हिशेबनीस, तुमचा सगळा हिशेब गिऱ्हाइकाचा आहे. जर्मनीत काही अपवाद सोडले तर क्लबची ५० टक्के अधिक एक एवढी मतं सभासदांकडे असतात. तिथे उभा असलेला माणूस गिऱ्हाईक नाही, आपल्या साखर कारखान्याच्या सभासदासारखा आहे. ऊस वेळेवर गेला नाही तर तो अध्यक्षाला सर्वसाधारण सभेत उभं करतो. म्हणूनच तिकडे सामना हरला तरी संघ उभ्या प्रेक्षकांच्या सज्जासमोर जातो आणि शिव्या खाली मान घालून ऐकून घेतो. करारात कलम असो वा नसो, तिथे न जाणं ही मोठी बातमी होते. याला 'देणं लागणं' नाही तर काय म्हणाल?

हिशेबनीस
रीत म्हणेन. देणं थकलं तर वसूल करता येतं, रीत मोडली तर फक्त नावं ठेवता येतात. नियमांत शिक्षा कुठे होते तेही बघा. मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाने जानेवारी १९९५ मध्ये प्रेक्षकाला लाथ घातली, सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी. रोनाल्डोने एप्रिल २०२२ मध्ये एव्हर्टनच्या मैदानातून बाहेर जाताना एका मुलाच्या हातावर फटका मारून फोन पाडला, ५० हजार पौंड दंड आणि दोन सामने बंदी. म्हणजे असभ्यतेला शिक्षा आहे. सौजन्य न दाखवल्याबद्दल, मान खाली घालून बसमध्ये चढल्याबद्दल कुणाला दंड झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून पत्रकात 'शिष्टाचार पाळावा' लिहा. शिष्टाचार सांगून पाळून घेता येतो. 'सौजन्य' म्हणजे सुजनपणा. तो सूचनेने येत नाही.

जाणता_नेणता
हे पटलं. देणेकऱ्याचं अजून पटलेलं नाही.

पार्क_चौपाटी
एक राहिलं. २०१८ च्या जूनमध्ये सुनील छेत्रीने उलटंच केलं होतं. अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, त्याने तीन गोल केले आणि बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. मग त्याने व्हिडिओ काढून विनवणी केली की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. तीन दिवसांनी केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना, मैदान भरलं, ३-० आणि त्याचे दोन गोल. इथे देणं कोण कुणाचं लागत होतं?

हिशेबनीस
विनवणी केली, वसुली नाही. माझंच म्हणणं.

विजापूर_वेस
आणि लोक गेले ते गिऱ्हाईक म्हणून नव्हे, अभिमानी म्हणून. माझंच म्हणणं.

जाणता_नेणता
फॅनसाठीचे बाहेरचे शब्द बघा, गंमत आहे. इटलीत 'टिफोसी', म्हणजे टायफसचा ताप चढलेले. तमिळमध्ये 'रसिगर', आपला रसिकच. सगळ्यांत भारी दक्षिण अमेरिकेतला स्पॅनिश 'इंचा'. मूळ क्रियापद 'फुगवणे'. माँटेव्हिडिओच्या नासिओनाल क्लबात चेंडूत हवा भरणारा एक माणूस सामन्यात बाजूला उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडायचा. त्या हवा भरणाऱ्यावरून सगळ्या ओरडणाऱ्यांना ते नाव पडलं म्हणतात.

कडक_भाकरी
म्हणजे फॅन म्हणजे पंपवाला. मी 'पंखा' म्हणालो तेव्हा हसला होतात.

शिट्टीवाला
हवेवरून आठवलं. पार्क_चौपाटी, पत्रकात चेंडूचा दाब लिहिलाय का? नसेल तर घाला. पाच नंबरच्या चेंडूला ०.६ ते १.१ वातावरण (ॲटमॉस्फिअर) दाब, घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. छोट्या गटाला चार नंबरचा द्या.

पार्क_चौपाटी
दाब लिहिलेला नाही. आमच्याकडे मोजायचा काटाही नाही, अंगठ्याने दाबून बघतो.

शिट्टीवाला
अंगठ्याने सकाळचा आणि दुपारचा चेंडू सारखाच लागतो. उन्हात ठेवलेल्याची हवा फुगते, सकाळी बरोबर भरलेला दुपारी दगड होतो. सायकलच्या दुकानातला पंप चालेल, पण सुई कोरडी घालू नका. पाण्यात बुडवून ओली करून सरळ घाला, तिरकी गेली की आतला रबरी व्हॉल्व्ह फाटतो आणि दुसऱ्या सामन्याला चेंडू बसतो. काटा मिळत नसेल तर सांगा, स्पर्धेपुरता देतो.