रेडिएशन सोमवारपासून, बिडी सुटत नाही. वेप (ई-सिगारेट) दिला तर चालेल का?

रंकाळाकाठ:
घशाचा कॅन्सर, पेशंट 58 वर्षांचे. रोज 20-22 बिड्या, पहिली उठल्या उठल्या. एक ओळखीचा वेप आणून देतो म्हणतोय. बिडीपेक्षा बरा ना? आणि डॉक्टरांना सांगायचं का?

गोळीऔषध:
सांगायचं, लपवू नका. वेपचा नाद मात्र सोडा. 2019 च्या कायद्यानं विक्री, आयात, साठा सगळंच बंद, म्हणजे हातात येईल तो चोरीचा माल. ब्रिटनमध्ये बिडी-सिगारेट सोडायला वेप सुचवतात हे खरं, पण तिथं निकोटिनला मिलीमागे 20 मिग्रॅ ही मर्यादा आहे. इथं बाटलीत काय भरलंय कुणी बघायचं?

पेशंटला तलफ असते निकोटिनची. रेडिएशनला आड येतो तो धूर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो, गाठीला ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथं किरणांचा मारा बोथट होतो. म्हणून निकोटिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी: निकोटिन मिळतं, धूर नाही. रोज 10 च्या वर ओढणाऱ्याला साधारण 21 मिग्रॅ सहा आठवडे, मग 14 चा दोन, 7 चा दोन. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पेठेतला:
निकोटिनचा चघळायचा 2 मिग्रॅचा गम चिठ्ठीशिवाय मिळतोय की भावा, पॅच कशाला?

गोळीऔषध:
घशावर रेडिएशन म्हटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गम मिरचीसारखा झोंबेल. त्यात आपल्याकडं दर तासाला चहा. चहानंतर पंधरा मिनिटं गम नीट शोषला जात नाही.

पॅच सकाळी, दंडाच्या वरच्या भागात, केस नसलेल्या कोरड्या कातडीवर. तेल-क्रीम लावलेलं नको, रेडिएशनच्या जागेवर तर अजिबात नको. तळव्यानं 10 सेकंद दाबा, रोज जागा बदला. घामानं सुटला तर नवा लावा. रात्री भलती स्वप्नं पडली तर झोपताना काढा. एमआरआय असेल तर आधी काढायचा, काही पॅचमध्ये धातूचा पापुद्रा असतो आणि कातडी भाजते.

रंकाळाकाठ:
पॅच असताना एखादी ओढलीच तर?

गोळीऔषध:
पॅच काढू नका, बिडी विझवा. बहुतेक जण इथंच उलटं करतात. रोज ओढणं होत असेल तर डोस कमी पडतोय, डॉक्टर पॅचला जोड देतील. आणि घरात मिश्रीची डबी असेल तर तीही बाहेर, तोही तंबाखूच.