मदत हवी आहे: 'अरोरा'चं जुनं छापील चित्र. फ्रेम उघडावी की तशीच ठेवावी?

नमस्कार मंडळी,

जुना कागद, छापील चित्रं, फ्रेमिंग यातलं कळणारं इथे कुणी असेल तर कृपया मार्गदर्शन करा. थोडी घाई आहे. दिवाळीनंतर आमचं बिऱ्हाड रत्नागिरीला परत हलतंय आणि त्याआधी निर्णय घ्यायचाय.

आम्ही सध्या लीड्सला राहतो. शेजारच्या आजींनी घर विकताना त्यांच्या जिन्यातलं एक भलंमोठं फ्रेम केलेलं चित्र मला दिलं. आडवं, जवळजवळ तीन फूट लांब, नुसत्या काळ्या शाईतलं. रथात अपोलो बसलाय, रथाभोवती होरा, म्हणजे काळाच्या देवता, हातात हात गुंफून चालल्यात. आणि सगळ्यांच्या पुढे, उजव्या टोकाला, फुलं घेऊन मागे वळून बघत तरंगणारी पहाटेची देवी. ग्रीकांची इऑस, रोमनांची अरोरा. आपल्या ऋग्वेदातली उषा तिच्याच नात्यातली. मी या चित्राच्या अक्षरशः प्रेमात पडले आहे, त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला नको.

मूळ चित्र कुठलं ते लगेच सापडलं. इटालियन चित्रकार गुइदो रेनीने १६१४ साली कार्डिनल शिपिओने बोर्गेझेसाठी रोममध्ये छतावर रंगवलेलं हे भित्तिचित्र. क्विरिनाल टेकडीवरच्या पाल्लाविचिनी-रोस्पिलिओझी वाड्याच्या बागबंगल्यात ते आजही आहे. छतावर असूनही रेनीने ते भिंतीवर टांगल्यासारखं, सरळ चौकटीत काढलंय. कागदावर ते इतकं सहज उतरतं ते त्यामुळेच, असं मला वाटतं. राफाएल मॉर्गेनने १७८७ मध्ये ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि त्याचे छाप खूप गाजले. पुढे इतरांनी नकला कोरल्या, नंतर फोटोवरूनही छापल्या. माझ्याकडचं यातलं नेमकं कोणतं?

घोड्याच्या मानेवर दहापट भिंग धरलं तर ठिपक्यांची जाळी दिसत नाही. रेषा दिसतात. सुरुवातीला केसासारख्या बारीक, मध्ये फुगून पुन्हा निमुळत्या होणाऱ्या. दोन दिशांच्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे तिरके चौकोन तयार होतात आणि त्या प्रत्येक चौकोनात एकेक टिंब ठेवलंय! हे हाताने कोरायला केवढा धीर लागला असेल. म्हणजे हाफटोन, ठिपक्यांच्या जाळीतून होणारी छपाई, तर नक्की नाही. पण फोटोग्रॅव्हरमध्ये, म्हणजे फोटोवरून पत्रा तयार करून छापण्याच्या पद्धतीत, मूळच्या कोरीव रेषाही उतरतात, त्यामुळे नुसत्या रेषांवर विसंबता येत नाही. शाई हाताला उठावदार लागते का, ते काचेमुळे कळत नाही. ओल्या कागदावर पत्रा दाबल्याने चित्राभोवती जी खोलगट कड उमटते ती माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकली गेलीय. खाली डाव्या कोपऱ्यात रेनीचं नाव आहे, पण उजव्या कोपऱ्यात, जिथे कोरणाऱ्याचं नाव असतं, नेमका तिथेच माउंट वर सरकलाय.

आता प्रकृती. मागे पाइनच्या फळ्या खिळ्यांनी ठोकल्यात. दोन फळ्यांमध्ये जिथे फट आहे, बरोबर त्या रेषेत पुढे कागदावर तपकिरी पट्टा उमटलाय. ढगांमध्ये तपकिरी ठिपके आहेत. माउंटच्या आतल्या कडेने भाजल्यासारखी रेघ दिसते. पुठ्ठ्यातल्या आम्लाने ती येते, असं वाचलं. वरचा एक कोपरा कसरीने कुरतडलाय.

इथला एक फ्रेमवाला म्हणाला, ब्लीच करून पांढरंशुभ्र करतो आणि नवी फ्रेम घालून देतो. मी नको म्हटलं. डाग राहिले तरी चालतील, कागद जगला पाहिजे. आणि फ्रेमही मला हीच हवी आहे. लाकडावर खडूचा लेप आणि त्यावर खरा वर्ख आहे, उजेडात तिरकं धरलं की वर्खाच्या पानांचे जोड दिसतात. असा वर्ख ओल्या फडक्याने निघून येऊ शकतो, म्हणून मी फक्त मऊ ब्रशने धूळ झटकलीय.

तर मुख्य प्रश्न असा, की फ्रेम इथेच कागद-संवर्धकाकडून उघडून घ्यावी की तिकडे आल्यावर? त्या फळ्या आणि जुना माउंट जितक्या लवकर कागदापासून दूर होतील तितकं बरं, असं माझं मन सांगतं. पण उघडून, आम्लविरहित माउंट घालून पुन्हा बंद केलेलं चित्र जहाजाने पाठवलं तर डब्यातल्या दमटपणाने वाट लागेल का? मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र खाजगी लोकांची कामं घेतं का? कुणी तिथून कागदाचं काम करून घेतलं असेल तर जरूर लिहा.

कोकणातल्या लोकांना खास विचारायचंय. घर समुद्राजवळ आहे, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. बाहेरच्या भिंतीवर लावायचं नाही, काचेला कागद टेकू द्यायचा नाही, एवढं ठरवलंय. पण जून ते सप्टेंबर ते उतरवून कपाटात ठेवावं की वारा लागेल असं भिंतीवरच राहू द्यावं? बुरशी कुठे कमी धरते? कसरीसाठी काय करता? ज्यांच्या घरी रविवर्मा छापखान्यातली जुनी चित्रं टिकून आहेत त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल. ती शिळाछाप रंगीत चित्रं, त्यांवर बऱ्याचदा वार्निश असतं, त्यामुळे सगळंच इथे लागू होणार नाही हे मान्य.

आणखी एक. काच जुनी आहे, हलक्या लाटा असलेली. प्रवासात फुटलीच तर तुकडे आत पडू नयेत म्हणून वरून चिकटपट्टी आडवी-उभी लावतात म्हणे. तेवढं पुरतं, की काच काढून वेगळीच पाठवावी?

भिंगातून काढलेले फोटो आणि मागच्या फळ्यांचा फोटो पहिल्या प्रतिसादात देते.